पान्याची लाज कशाला?

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आमच्या स्कूटरचा बेल्ट घरीच बदलला. सोबत माझी अकरावीतली मुलगी होती. काम झाल्यावर तिने काळवंडलेल्या हातांसकट जुन्या बेल्टचा फोटो काढला आणि मी तो हौसेने आमच्या शाळेच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली. ‘कितीही शिकलात तरी शेवटी पंक्चरच काढणार.’ खाली हसणारी चार तोंडे. लिहिणारा माझ्याच बाकावर बसलेला. त्याने ते गंमत म्हणून लिहिले असेल. पण ही गंमत माझ्याच वाट्याला का येते? त्याच ग्रुपवर एका मित्राने महिन्यापूर्वी स्वतः रंगवलेल्या भिंतीचा फोटो टाकला होता, तेव्हा सगळ्यांनी ‘वा, कलाकार’ म्हटले होते. भिंत रंगवणारा कलाकार आणि बेल्ट बदलणारा पंक्चरवाला. फरक कामात नव्हता, नावात होता.

म्हणून हा लेख. तो त्या मित्रासाठी आहे, आणि त्याहून जास्त आपल्या लोकांसाठी आहे. कारण पान्याची लाज बाहेरच्यांनी आपल्यावर लादली हे अर्धेच खरे आहे. उरलेली अर्धी आपण घरात जपून ठेवली आहे.

आधी काम काय होते ते सांगतो. कामाची टिंगल करणाऱ्यांना ते काम माहीत नसते, असा माझा अनुभव आहे.

मोटारसायकलला आपल्याकडे साखळी असते. गिअर नसलेल्या स्कूटरला साखळीच्या जागी रबरी बेल्ट असतो. तो इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेतो. पुढे एक पुली, मागे एक पुली आणि मधे हा बेल्ट. गंमत अशी की दोन्ही पुल्या दोन-दोन तबकड्यांच्या असतात आणि त्या तबकड्या जवळ येतात, लांब जातात. इंजिनचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, तबकडीला ढकलतात आणि बेल्ट पुलीच्या काठाकडे चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो स्प्रिंगचा जोर मोडून आत उतरतो. म्हणजे आपण मूठ पिळतो आणि गाडी स्वतःच गिअर बदलत राहते, तेही पायऱ्यांनी नव्हे, सलग. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने 1958 साली हीच युक्ती मोटारीत आणली होती. आपल्याकडे ती घराघरांत पोहोचली 1984 नंतर, कायनेटिक होंडामुळे. त्या नावातले कायनेटिक आपल्या नगरचे. नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली लुना आणली आणि ज्यांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही पाहिले नव्हते अशा शिक्षकांना, दूधवाल्यांना, फेरीवाल्यांना इंजिन दिले.

आमच्या स्कूटरचे लक्षण साधे होते. मूठ पिळली की इंजिन ओरडायचे, पण गाडी त्या मानाने पळत नव्हती. चढावर दम लागायचा. उभ्या जागेवरून निघताना थरथर यायची. सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. तिथल्या मुलाने गाडी न उघडताच बेल्ट, रोलर, क्लच, सगळा संच बदलावा लागेल असे सांगून हजारांतला आकडा कागदावर लिहिला. मी म्हटले, उघडून दाखवा, मग ठरवू. तो म्हणाला, ‘सर, कस्टमरला आत येता येत नाही.’ माझी गाडी, माझे पैसे, आणि तिच्या पोटात काय चालले आहे ते पाहण्याचा हक्क मला नाही. मी गाडी घेऊन घरी आलो.

माझे वडील चाळीस वर्षे गॅरेज चालवत होते. मी ते गॅरेज सोडून शिकलो, नोकरीला लागलो. त्यांचे पाने मात्र टाकले नव्हते. मूळ कंपनीचा बेल्ट दुकानातून आणला. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याचा तो दहावा हिस्साही नव्हता. इंजिन थंड होऊ दिले, गाडी मेन स्टँडवर घेतली, डाव्या बाजूचे झाकण खोलले. झाकणाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून मुलीने पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो खुपसून ठेवला. आत काळ्या भुशाचा थर होता. तो भुसा म्हणजे झिजलेला बेल्ट. पुढच्या पुलीचा नट खोलताना पुली फिरू नये म्हणून धरायचे खास हत्यार असते. ते नसले की लोक पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवतात आणि पाते तुटते. ते हत्यार मी ओळखीच्या मिस्त्रींकडून मागून आणले. मागचा नट, मग क्लचची वाटी, मग बेल्टसकट मागची पुली बाहेर. जुना बेल्ट उलटा वाकवला तर दात्यांच्या मधे बारीक चिरा, बाजू काचेसारख्या गुळगुळीत. रुंदी मोजली तर मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खाली गेली होती. रोलर काढून पाहिले. ते गोल होते, एका बाजूने सपाट झाले नव्हते. क्लचचे लायनिंग शिल्लक होते. म्हणजे बदलायचा होता फक्त बेल्ट.

आता माझी चूक सांगतो, कारण या लेखाचा मुद्दा त्या चुकीतच आहे.

पुल्यांचे तोंड कापडाने पुसले, तेलाचा थेंब लागू दिला नाही, बेल्टवरच्या बाणाची दिशा पाहून तो बसवला. पुढची तबकडी लावली, नट आवळला. पाना कट्ट आवाज करून थांबला. मी खूश. मुलीला म्हटले, झाले. तेवढ्यात हत्यार परत न्यायला मिस्त्री स्वतःच आले. सत्तरीकडे झुकलेले, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी झाकण लावू दिले नाही. पुढच्या पुलीकडे एक नजर टाकली, बोटाने बेल्ट हलवला आणि म्हणाले, ‘फँस गया है ये. खोल.’ मी म्हटले, चाचा, नट तर पूर्ण बसलाय. ते म्हणाले, ‘नट बेल्ट पे बैठा है, लोहे पे नहीं.’

झाले असे होते. मागच्या पुलीच्या तबकड्या दाबून उघडून बेल्ट तिथे खोल बसवायचा असतो, म्हणजे पुढे तो सैल पडतो. मी तो पुरेसा खोल बसवला नव्हता. त्यामुळे पुढे बेल्टची कड दोन तबकड्यांच्या मधे चिमटली होती आणि तबकडी मधल्या बुशला टेकलीच नव्हती. नट आवळल्यासारखा वाटत होता तो रबराच्या जोरावर. गाडी सुरू केली असती तर बेल्ट सरकला असता, नट सैल पडला असता, तबकडी शाफ्टवर खुळखुळली असती आणि शाफ्टवरच्या खाचा खाऊन टाकल्या असत्या. मग बेल्टचा खर्च राहिला बाजूला, इंजिन खोलून शाफ्ट बदलायची वेळ. चाचांनी दोन अंगठ्यांनी मागची पुली उघडली, बेल्ट आत ढकलला, पुढे तो हाताने हलतो हे मुलीला दाखवले, मग नट आवळायला लावला. ‘बेल्ट ढीला रहना मंगता. बाद में चला के टाइट होता.’ इतकेच.

मला विचारायचे आहे की हे ज्ञान नाही तर काय आहे? मी पदवीधर. मॅन्युअल वाचले होते, व्हिडिओ पाहिले होते. या माणसाची शाळा चौथीत सुटली. जी गोष्ट मी पाहूनही पाहिली नाही ती त्याने एका नजरेत पाहिली, कारण शेकडो गाड्यांच्या पोटातला आवाज त्याच्या बोटांत साठला आहे. आपल्या देशात या साठ्याला नाव नाही. त्याला प्रमाणपत्र नाही, पेन्शन नाही, रजा नाही. नाव आहे ते एकच, आणि ते शिवी म्हणून वापरले जाते.

14 एप्रिल 2025 रोजी हरियाणातल्या हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लीम तरुणांना सायकलचे पंक्चर काढून पोट भरावे लागले नसते. वक्फच्या जमिनी कुणी खाल्ल्या, त्यात आपलेच मुतवल्ली आणि पुढारी किती, हा प्रश्न खरा आहे आणि तो आपण टाळू नये. पण त्या वाक्यात पंक्चर काढणे हे अधोगतीचे चिन्ह म्हणून आले. देशाच्या सर्वोच्च व्यासपीठावरून. त्यानंतर समाजमाध्यमांवर जे विनोद झाले ते ज्यांनी वाचले त्यांना माझ्या बाकावरच्या मित्राचे वाक्य कुठून आले हे सांगावे लागणार नाही. पंक्चर काढणाऱ्याशिवाय या देशातला एकही पुढारी सभेला वेळेवर पोहोचणार नाही, हे मात्र कुणी बोलले नाही.

आमचे लोक या धंद्यात इतके का, याचे उत्तर विनोदात नाही, कागदावर आहे. सच्चर समितीने 2006 साली नोंदवले की मुस्लीम कामगारांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीचे कमी. बँकेचे कर्ज मिळण्यातही ते मागे. ज्याला नोकरी मिळत नाही आणि कर्जही मिळत नाही, तो असा धंदा शोधतो ज्याला भांडवल कमी आणि हात जास्त लागतात. चार पाने, एक पंप, रस्त्याच्या कडेचे झाड. आधी दारे बंद करायची आणि मग माणूस अंगणात बसला म्हणून हसायचे, हा न्याय कुठला?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्यावर उलटा आरोप होईल. मी गॅरेजचे गोडवे गात नाही. बारा वर्षांचे पोर शाळा सोडून पेट्रोलमध्ये हात घालते, उस्ताद त्याला शिकवणीच्या नावाखाली दोन वर्षे फुकट राबवतो, चुकले तर पाना फेकून मारतो, हे मी लहानपणी पाहिले आहे. माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस कंबरदुखीत गेले आणि चाळीस वर्षांच्या कामाचा एक रुपया भविष्य निर्वाह निधी नव्हता. मुलांनी शिकलेच पाहिजे, डॉक्टर, वकील, अधिकारी झालेच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की गॅरेजातली गरिबी ही लाजेची गोष्ट आहे, पण ती लाज गॅरेजवाल्याची नाही. ती त्याला गरीब ठेवणाऱ्यांची आहे. गरिबी हटवा, कसब का हटवता?

आता घरातल्या लाजेबद्दल. आपल्यात मूल अभ्यास करेना की आई म्हणते, ‘नहीं पढ़ेगा तो गॅरेज पे जाएगा.’ ज्या घराचे पोट गॅरेजवर भरले त्या घरात हे वाक्य बोलले जाते आणि बाप खाली मान घालून जेवत राहतो. लग्नाच्या बैठकीत मुलगा ‘ऑटोमोबाइल लाइनमध्ये’ असतो, मेकॅनिक नसतो. आणि मुलींचा तर प्रश्नच नाही. माझी मुलगी जमिनीवर बसून बोल्ट लावत होती तेव्हा शेजारच्या भाभी दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, ‘लड़की से ये क्या करा रहे?’ ती रोज स्कूटर चालवत कॉलेजला जाते याला कुणाची हरकत नाही. ती गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचे हे तिला कळू नये, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. ज्याला आपण पर्दा आणि शिष्टाचार म्हणतो त्यात बराच भाग निव्वळ परावलंबन आहे.

नगरकरांना वेगळे सांगायला हवे. हे शहर हत्यारांचे आहे. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली इथे, अहमदनगरात ओतली गेली. ओतणारा रूमी खान. आज इथे सैन्याचे आर्मर्ड कोअर सेंटर आहे, जिथे जवान रणगाडा चालवायला आणि सांभाळायला शिकतात. संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, जिथे लष्करी वाहने तपासली जातात. तिथे इंजिन खोलणाऱ्याला आपण अभियंता म्हणतो, तंत्रज्ञ म्हणतो, आणि ते योग्यच आहे. त्याच शहरात कोठल्यात किंवा मुकुंदनगरात तोच पाना तशाच नटावर फिरतो तेव्हा तो पंक्चरवाला होतो. शहराच्या नावावरून आपण गेली काही वर्षे भांडलो. 2024 मध्ये पाटी बदलली, तिच्यावर माझेही मत आहे. पण पाटीखाली बसून जो माणूस गाडी दुरुस्त करतो त्याच्याबद्दल ना जुने नाव मागणारे काही बोलले, ना नवे नाव देणारे.

आणि आता त्याच्या पायाखालची जमीनही सरकते आहे. गाड्या इलेक्ट्रिक होत आहेत. ई-लुना फेब्रुवारी 2024 मध्ये बाजारात आली. अनेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये आजही दातेरी बेल्ट आहे, तो बदलताही येतो. पण बॅटरी, कंट्रोलर, सॉफ्टवेअर हे कंपनीच्या कुलपात आहे. चूक शोधायची तर कंपनीचा लॅपटॉप हवा, तो मिस्त्रीला मिळत नाही. ही कुलपे नवी नाहीत. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. पुढे त्यावर अपिले झाली, पण आयोगाने तेव्हाच सांगितले होते की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरतीच. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, वाहने हा तिच्या चार क्षेत्रांपैकी एक. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मला आश्चर्य याचे वाटते की ज्या समाजाचे इतके हात या धंद्यात आहेत त्याच्या एकाही पुढाऱ्याच्या तोंडी हा विषय नाही. आपल्या जलशांत भाषणे होतात, मागण्यांच्या याद्या निघतात, त्यात ‘दुरुस्तीचा हक्क’ हे दोन शब्द मी अजून ऐकले नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जुन्या मिस्त्रींना त्यांच्या कामाचे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची तरतूद आहे, ती गॅरेजच्या दारापर्यंत आणा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे संध्याकाळचे वर्ग काढा, दिवसभर काम करणाऱ्याला दुपारच्या वर्गाचा काय उपयोग? दुचाकी कंपन्यांनी मॅन्युअल आणि तपासणीची साधने रास्त दरात विकली पाहिजेत. मशिदीच्या, मदरशाच्या, जमातच्या ट्रस्टकडे पैसा आहे, त्यातून पोरांना शिष्यवृत्ती द्या आणि मिस्त्रीला ते महागडे स्कॅनरही घेऊन द्या. आणि आपण, ज्यांनी गॅरेज सोडून खुर्ची धरली, त्यांनी निदान आपल्या बापाचा धंदा विचारल्यावर अडखळणे बंद करावे.

मी सरकारी अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे अनेक वर्षे ‘व्यापार’ लिहीत आलो. मागच्या आठवड्यात मुलीच्या एका अर्जात आजोबांबद्दल असाच रकाना आला. तिने मला न विचारता ‘मेकॅनिक’ लिहिले. मी पाहिले आणि काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

ग्रुपवरच्या मित्राला मी तिथे उत्तर दिले नाही. हा लेख त्याला पाठवणार आहे. सोबत एवढेच लिहीन की तुझ्या स्कूटरला वीस-पंचवीस हजार किलोमीटर झाले असतील तर झाकण उघडून बेल्ट एकदा बघ. जमणार नसेल तर रविवारी ये. बोल्ट कुठला कुठे ते मुलगी सांगेल. बेल्ट मागे खोल बसला आहे की नाही, ते मी बघीन.